सात रिकामे दगड

नदीला स्वतःसाठी किती पाणी लागते? या एका प्रश्नाचे उत्तर मांडावे म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. प्रश्न सोपा दिसतो. पिकाला किती पाणी लागते ते शेतकरी सांगतो, गुराला किती लागते ते गुराखी सांगतो, गावाला किती लागते ते टाकीवरून कळते. नदीच्या बाजूने सांगणारे मात्र सहसा कोणी नसते. मला ज्यांनी ते सांगितले, त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणून उत्तराच्या आधी मला त्यांच्याविषयीच लिहावे लागत आहे.

डोळे मिटले की आमच्या शाळेतल्या मॅडम पाण्यात वाकलेल्या दिसतात. साडीचा काठ कमरेला खोचलेला, चपला काठावरच्या बाभळीच्या फांदीला अडकवलेल्या, गळ्यात काळ्या दोऱ्याने बांधलेले भिंग. दोन्ही हातांनी एखादा चपटा दगड त्या हळूच उचलीत, झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसा उलटा करीत आणि म्हणत, "पाहू द्या, घरी कोन कोन हाये." पाण्यावरचे ऊन त्यांच्या चेहऱ्यावर हलत असे. पाहून झाले की दगड होता तसा, होता त्याच खळगीत परत जाई.

"एवढे जपून कशाला ठेवता?" असे मी एकदा विचारले.

"कोनाच्या घरचं छप्पर उचललं त ठेवून द्या लागते, सर."

आमचे हायस्कूल मोताळा तालुक्यातल्या एका लहान गावात, नदीच्या अगदी काठावर होते. नदीला नकाशावर नाव आहे. गावात तिला नुसते नदी म्हणतात. गावाच्या वरच्या अंगाला लहानसे धरण, खालच्या अंगाला एक डोह, आणि दोहोंच्या मध्ये, शाळेच्या खिडक्यांसमोर, घोटाभर पाण्याचा उथळ पट्टा. तिथे पाणी दगडांवरून घरंगळत जाई आणि त्याचा आवाज वर्गात येई. मी गणित शिकवीत असे, त्या विज्ञान. मोताळ्याहून सकाळच्या एसटीने त्या येत. त्यांचे वडील पिंजारी होते. गाद्या-रजया भरण्यासाठी कापूस पिंजत गावोगाव हिंडलेले. त्यामुळे की काय, वाटेत कुणाच्या शेतात कापूस फुटलेला दिसला की मॅडम चिमूटभर ओढून घेत, तंतू बोटांत ताणून पाहत आणि म्हणत, "बीटीचा हाये. लांब हाये. पन अब्बा म्हनले असते, याच्यात गरमी नाही."

ती वर्षे बीटी कापसाचीच होती. ज्वारी मागे पडली होती आणि रस्त्याच्या दोन्ही हातांना नजर पोहोचेल तिथवर कपाशी होती. पहिले काही हंगाम बोंडे भरभरून आली. पुढे अळी त्या बियाण्याला जुमानीनाशी झाली. फवारण्या वाढल्या आणि घराघरांत काळजी येऊन बसली. दिवाळीनंतर कपाशीला आणखी थोडे पाणी मिळाले, तर जुन्याच झाडांवर पुन्हा बोंडे धरतात. या मागाहूनच्या पिकाला आमच्याकडे फरदड म्हणतात. फरदडीत अळी पोसली जाते हे सर्वांना ठाऊक होते, आणि फरदडीतून घरात काहीतरी येते हेही ठाऊक होते. त्यामुळे प्रत्येकाची नजर धरणाच्या पाण्यावर असे.

आता मॅडम दगडाखाली काय पाहत, ते सांगतो. तुम्हीही कधी असे वाकून पाहाल असे मी धरून चालतो. वाहत्या, स्वच्छ पाण्यात दगडांच्या पोटाशी लहान जीव राहतात. एकाच्या शेपटीला केसासारखे तीन तंतू असतात. एक अळी वाळूचे कण लाळेने जोडून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधते आणि ते घेऊन फिरते. चपट्या गोगलगायी असतात. यांतले काही जीव पाणी वाहते असेल तरच जगतात. पाणी थांबले, तापले किंवा त्यात औषध उतरले की आधी तेच जातात. मागे राहतात त्या चिखलातल्या तांबड्या अळ्या. म्हणजे दगडाच्या पोटाकडे पाहिले की नदीची प्रकृती कळते. पाणी नुसते डोळ्यांनी पाहून ती कळत नाही.

म्हणूनच फवारणीचा पंप नदीत धुणारा कोणी दिसला की मॅडमचा आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जाई. "काय बे, तुह्या घरच्या माठात धुतं काय पंप?" पंपवाला हसत काठावर येई. त्याला त्यांनीच सातवीत शिकवलेले असे.

माझी आणि त्यांची एक जुनी तक्रार होती. उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर मी मुलांचा अर्धा गुण कापीत असे. मी मॅडमना म्हणे, "नदीची प्रकृती चांगली म्हणजे किती चांगली? मोजता आले पाहिजे." त्या भिंग पुसत म्हणत, "कापा माहा बी अर्धा मार्क."

पाणी वाया जाणे मात्र त्यांना सहन होत नसे. शाळेतला नळ टपटपत असला की शिकवणे थांबवून त्या व्हरांड्यात येत. "गळते कुठं?" हा त्यांचा प्रश्न एवढा पाठ झाला होता की मुले नळ आवळून झाल्यावर एकमेकांना त्याच सुरात तो विचारीत. माझ्या फाउंटन पेनातून शाई गळाली तेव्हाही शिक्षकांच्या खोलीत तोच प्रश्न आला होता.

आमच्या भागात कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. आमच्या गावची रीत अशी, की बायांनी नदीतून सात दगड आणायचे, ते शेतात कपाशीच्या झाडाखाली मांडायचे, पुढे दहीभात ठेवायचा, आणि मग ओटी बांधून वेचणीला लागायचे. गोकर्णाबाई नावाच्या एक शेतकरी बाई होत्या. त्यांची मुलगी आमच्या शाळेत शिकत होती. त्यांनी मॅडमना सीतादहीला बोलावले. मॅडम त्यांच्याबरोबर नदीत उतरल्या आणि एक अट घालून बसल्या. दगड घ्यायचा तो उलटून पाहायचा. खाली कोणी राहत असेल तर तो जागच्या जागी ठेवायचा आणि दुसरा शोधायचा.

"अवो मॅडम, असे सात खाली दगड सापडता सापडता दुपार होईन माही!" खाली म्हणजे आमच्या बोलीत रिकामे.

"होऊ द्या ना. ज्या नदीत खाली दगड सापडत नाही, ते नदी चांगली."

पुढे दरवर्षी तो खेळच झाला. कार्तिकातल्या सकाळी पाण्यावर धुके असे; त्यात बायांची वाकलेली रांग अर्धी दिसे, अर्धी विरे. मधूनच धुक्यातून हाक येई, "माह्याखाली हाये वं! तीन शेपट्यावाला!" आणि दगड परत ठेवल्याचा मऊ आवाज. मी खिडकीत उभा राहून ते ऐके. ती सकाळ मी किती वेळा पाहिली आणि किती वेळा नुसती आठवली, हे आता मला वेगळे करून सांगता येत नाही.

आता मुख्य घटनेकडे येतो. धरणाच्या पायथ्याला, नदीच्या पात्रात पाणी सोडायचे एक जुने लोखंडी दार होते. त्याची रबरी पट्टी कुजली होती. बंद दारातूनही करंगळीएवढ्या धारा रात्रंदिवस पडत. मुलांची सहल तिथे गेली, तेव्हा मॅडमनी ते पाहिले आणि त्यांच्या तोंडून साहजिकच निघाले, "हे इथं गळून राह्यलं!"

त्यांनी तो विषय सोडला नाही. पाणी वापर संस्थेच्या बैठकीत गेल्या, पाटबंधारे खात्याच्या माणसांकडे खेटे घातले, मुलांकडून फलक रंगवून घेतले. संस्थेचे अध्यक्ष भास्करराव यांना तर ते हवेच होते. वाचलेले पाणी कपाशीला मिळणार होते. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाशी माणसे आली, त्यांनी नवी पट्टी बसवली आणि दार घट्ट लागले. भास्कररावांनी मॅडमना नारळ दिला. त्या दिवशी त्या जेवढ्या हसल्या तेवढ्या पुन्हा हसलेल्या मला आठवत नाहीत.

काही दिवसांनी मी फळ्यावर समीकरण सोडवीत होतो. एकाएकी वाटले, वर्गातले घड्याळ बंद पडले. मागे वळून पाहिले. घड्याळ चालू होते. मुलेही इकडेतिकडे पाहत होती. काहीतरी थांबले होते आणि काय थांबले ते कोणालाच सांगता येत नव्हते. मी खिडकीशी गेलो. उथळ पट्ट्यातले दगड ऊन खात पडले होते. खडूचा आवाज केवढा मोठा असतो, ते मला त्या दिवशी कळले.

"उन्हाळा हाये, सर," मॅडम म्हणाल्या. "पावसात येईन ते." आधीच्या कोणत्याही उन्हाळ्यात तो आवाज थांबला नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. तरी ते वाक्य आम्हा दोघांनाही पुरले.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. धरणात आले ते सारे पाणी धरणातच राहिले. सांडव्यावरून काही वाहिले नाही. शेतांतून उतरलेले गढूळ पाणी चार दिवस नदीत दिसले आणि गेले. कापूस फुटला. सीतादहीचा दिवस आला. मॅडम एसटीतून उतरून वर्गाकडे येत होत्या, तेवढ्यात गोकर्णाबाई फाटकाशी भेटल्या. ओटीत दगड होते. ऊन अजून कोवळे होते.

"इतक्या लवकर?" मॅडमनी विचारले.

"औंदा काही वेळच नाही लागला, मॅडम. उभ्या उभ्या सापडले. सातही दगड खालीच हाये."

गोकर्णाबाई हे सहज बोलल्या. वेचणीला लवकर लागता येणार म्हणून थोड्या खुशही होत्या. मॅडमनी एक दगड हातात घेतला आणि उलटा केला. त्याच्या पोटाला वाळलेल्या चिखलात वाळूची चिमुकली नळी चिकटलेली होती. त्यांनी नखाने स्पर्श केला आणि तिची पूड झाली.

दुपारची शाळा सुटल्यावर मी आणि त्या कोरड्या पात्रातून धरणाकडे चालत गेलो. दोन्ही बाजूंना कपाशी पांढरी होऊन उभी होती. वाऱ्याने सुटलेला कापूस पात्रात येऊन दगडांच्या कडांना अडकला होता. दुरून पाहिले तर फेस वाटावा. कितीदा तरी वाटले, पुढच्या वळणावर पाणी असेल. वळण येई आणि पुन्हा तोच पांढरा, निःशब्द फेस. दाराशी पोहोचलो. खाली जिथे धारा पडत, तिथे शेवाळ्याचे काळे पापुद्रे उभे राहिले होते. मॅडमनी दाराला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "हे गळत नव्हतं. हे तिचं होतं."

मग त्यांनी जे ठरवले, ते सोपे नव्हते. ज्या लोकांकडून त्यांनी नारळ घेतला होता, त्यांच्याचकडे त्यांना दार पुन्हा थोडे उघडा म्हणून जायचे होते. तेही कपाशीच्या पाण्याचे वाटप ठरण्याच्या बैठकीत, आणि तेही अशा वर्षी. दार उघडले नाही तर येत्या उन्हाळ्यात डोहही आटणार होता, आणि डोहातून वर सरकून पुन्हा दगडांखाली वस्ती करील असे काहीच उरणार नव्हते.

बैठक शाळेच्याच हॉलमध्ये भरली. मॅडमनी मागणी मांडली.

"मॅडम," भास्करराव म्हणाले, "थेंब थेंब वाचवा, हे तुम्हीच शिकोलं. आता आमी वाचोलं, त तुम्ही म्हनता सांडवा?"

मागून कोणीतरी म्हणाले, "मॅडमचा नळ उलटा फिरून राह्यला!" सारा हॉल हसला.

"हाव, फिरला," मॅडम म्हणाल्या. "बंद करा, हे मीच बोंबलली. आता उघडा म्हनाची लाज बी मलेच हाये. पन माह्या लाजेसाठी नदी वाळू देऊ काय?"

"मानसं वाळून राह्यली, मॅडम." भास्कररावांच्या बोलण्यात राग नव्हता. "एक पानी कमी पडलं त घरात काय येते, हे तुम्ही पोरायच्या डब्यात पाह्यता. अन् आमाले किड्यायचं सांगता."

या वेळी कोणी हसले नाही. "तुमचं बी खरं हाये, भाऊ," एवढेच मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तेव्हा बायांच्या बाजूने गोकर्णाबाई उठल्या. "मले किड्यायचं समजत नाही. पन पह्यले सात दगड सापडाले दुपार होये. औंदा उभ्या उभ्या सापडले. अन् औंदाच माह्या विहिरीचा दोर लांब करा लागला. तुमची विहीर बी काठावरच हाये ना, भास्करभाऊ? तुमचं कसं हाये?"

भास्कररावांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली. "एक पाइप वाढवला," ते म्हणाले. मग आणखी एकाने सांगितले, त्यानेही वाढवला होता. मग आणखी एकाने. वर्षभर ज्याने त्याने ही गोष्ट आपल्याच नशिबाची म्हणून मनात ठेवली होती.

"बरं, किती पानी पाह्यजे तुमच्या नदीले?" भास्करराव म्हणाले. "आकडा सांगा."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. आकडा माझ्याजवळही नव्हता. मॅडमनी गोकर्णाबाईंकडून मागून घेतलेला तो दगड पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या मधोमध बोट ओढले. "उथळावर हा दगड इथपर्यंत ओला राह्यला पाह्यजे. वरती कोरडा चालते. पावसाळ्यात तिले अंग धुवाले पानी लागते, ते देव देते. उन्हाळ्यात नुसतं तोंड ओलं राह्यलं पाह्यजे. तेवढंच मांगतो."

पुष्कळ वादानंतर फरदडीचे शेवटचे पाणी त्या वर्षी सोडून द्यायचे ठरले. "एका सालापुरतं," भास्कररावांनी बजावले. "नाही जमलं त दार बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखाली बाभळीची एक पाचर ठोकली गेली, म्हणजे दार पूर्ण बसूच नये. पाणी निघाले. कोरड्या वाळूत पाण्याची जीभ फार हळू सरकते. वाळू आधी स्वतः पिते. पुढे वाळली पाने, काटक्या आणि कापसाचा फेस, मागे अंधारलेले ओले पात्र. आम्ही सारे तिच्या बरोबरीने चालत होतो. मॅडम मात्र तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पुढे पसरून, एकेक पाऊल मागे जात होत्या. मूल चालायला शिकताना आई जाते तशा. "चल माय, चल. ये." पाणी थांबे, खळगी भरे, आणि त्यांच्या पायांकडे पुन्हा निघे.

पाणी उथळावर पोहोचल्यावर तोच दगड मोजमापाचा झाला. मोबाइलला तिथे रेंज नव्हती, म्हणून धरणापासून शाळेपर्यंत माणसे उभी राहिली आणि ओरडत निरोप पोहोचवू लागली. "दगड बुडला! पाचर काढा थोडी!" "आता वर आला! ठोका!" शेवटी मॅडमनी हात वर केला. दगड मध्यापर्यंत ओला होता. त्या दिवशी दुपारच्या तासाला पाण्याच्या आवाजाने मागचे बाक पूर्वीसारखे पेंगू लागले, आणि मी त्यांना उठवले नाही.

दगडांखालची घरे लगेच भरली नाहीत. पुढच्या सीतादहीला बायांना रिकामे दगड पुष्कळ सापडले. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र धुक्यातून गोकर्णाबाईंची तक्रार ऐकू आली, "मॅडम, ऊन डोक्यावर आलं, अन् माहे पाचच झाले!" मॅडम वर्गात शिकवीत होत्या. त्या खिडकीपाशी आल्या आणि पदराने भिंग पुसत राहिल्या. पाचर कोणी काढली नाही. एका सालाची मुदत संपल्याची आठवण भास्कररावांनीही कधी करून दिली नाही.

निवृत्त झाल्यावर मॅडम देऊळगाव राजाला लेकीकडे राहायला गेल्या. मी एकदा भेटायला गेलो. दृष्टी मंदावली होती; भिंग खिडकीच्या खिळ्याला टांगलेले होते. त्यांनी माझा आवाज ओळखला. माझी प्रकृती, मुलेबाळे, काही विचारले नाही. हात चाचपत माझे मनगट धरले आणि हळूच म्हणाल्या, "सर, गळून राह्यलं ना?"

"गळते आहे," मी म्हणालो.

त्या तळहात उघडा ठेवून स्वस्थ बसल्या, त्यावर पाणी पडत असावे तशा. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढच्या वर्षी, कापूस फुटण्याच्या सुमारास, त्या गेल्याचे कळले.

नदीला किती पाणी लागते, याचे उत्तर एकक लावून लिहिणे मला अजून साधलेले नाही. हा लेख लिहिण्यापूर्वी मी उथळावर जाऊन आलो. चपला बाभळीला अडकवल्या, एक दगड उचलला आणि उलटा केला. वाळूच्या कणांची एक नळी होती. मी श्वास धरून थांबलो. थोड्या वेळाने नळी हलली आणि ओल्या बाजूकडे सरकू लागली. मी दगड परत ठेवला. माझ्या हातून तो किंचित वाकडा बसला, तो पुन्हा सरळ केला.

परंतु एका माणसाने पाहिलेला एक दगड म्हणजे सिद्धता नव्हे. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या गावची नदी जिथे उथळ असेल तिथे उतरा, एक दगड उचला, त्याच्या पोटाकडे नीट पाहा. घरी कोण आहे ते स्वतः तपासा. आणि दगड होता तसा परत ठेवा.